गेटवर चालणारा दाखला

तेलंगणाच्या सीमेवरच्या वांकिडी मंडलातून उत्तरेकडे निघालं की लक्कडकोटला महाराष्ट्र लागतो. पुढे राजुरा, आणि राजुऱ्याच्या आसपास सिमेंटचे कारखाने: माणिकगड, आवारपूर, उपरवाही, नारंडा. दक्षिणेकडे वळलं की आसिफाबाद, तिथून कागजनगरची पेपर मिल, गोलेटी आणि बेल्लमपल्लीकडचा कोळसा, देवापूरचं सिमेंट, मंचेरियाल जिल्ह्यात सिंगरेणी कोळसा कंपनीचं १२०० मेगावॅटचं वीज केंद्र. एवढ्या चिमण्यांच्या मधोमध बसलेलं हे मंडल कोरडवाहू कापसावर जगतं आणि त्याची आयटीआय झालेली पोरं हैदराबाद-पुण्याच्या गाडीत बसतात.

का? उत्तर सगळ्यांच्या तोंडपाठ आहे: पोरांच्या हातात कौशल्य नाही. कंपनीवाले हे सांगतात, पुढारी सांगतात, प्राचार्यही सत्काराच्या भाषणात सांगतात. मला हे उत्तर मान्य नाही. कौशल्य कमी असेल, ते वाढवता येतं. पण पोराने वर्ष-दोन वर्षं घालून जो कागद मिळवला तो गेटवर कुणी वाचतच नाही, आणि गेटवर जो कागद वाचतात तो मिळवायची सोय कॉलेजात नाही. दुखणं इथे आहे, आणि ते पोराचं नाही.

कारखान्याचा शटडाऊन ज्याने जवळून पाहिला त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सिमेंटची किल्न, म्हणजे भट्टी, आतल्या विटा बदलायला थांबवतात. त्या दिवसांत चोवीस तास काम चालतं, ठेकेदाराला वेल्डर, फिटर, रिगर लागतात, आणि ते तो बाहेरून टोळीने आणतो. वाफेच्या, दाबाच्या पाइपला हात लावायचा असेल तर वेल्डरकडे बॉयलरच्या नियमांखालचा दाखला हवा. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. सगळ्यात अवघड तुकडा ‘सिक्स-जी’चा. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला, तो फिरवायचा नाही, वेल्डरने स्वतः त्याच्याभोवती वळत, वाकत, खालून वर सांधा भरायचा. मग त्या सांध्याचा एक्स-रे निघतो किंवा तो कापून वाकवून पाहतात. आत पोकळी सापडली, चीर दिसली, की नापास. पास झालेल्याचा कागद मात्र गुजरातेत चालतो, ओडिशात चालतो, आपल्या उंबऱ्यावरच्या कारखान्यातही चालतो.

आता आयटीआयचा वेल्डर ट्रेड बघा. एक वर्षाचा कोर्स. अभ्यासक्रमात पाइपचं वेल्डिंग आहे, शेवटी अखिल भारतीय परीक्षा आहे, राष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. देशभर मान्य असलेलं हे प्रमाणपत्र मी कमी लेखत नाही, सरकारी भरतीत त्याला किंमत आहे. पण वर्षअखेरची ती परीक्षा वेगळी आणि बॉयलरच्या नियमांखालची परीक्षा वेगळी. दुसरी द्यायची तर पोराने पुन्हा फी भरायची, पुन्हा सरावाचं सामान आणायचं, परीक्षेचं केंद्र शोधायचं. बाप कापसाचं बी उधारीवर आणतो, तिथे हा खर्च कोण करणार? पोरगा हेल्पर म्हणून लागतो. पाच वर्षांनी पाहावं तर हेल्परच असतो.

आपल्याकडे योजना कमी आहेत असं कुणी म्हणू नये. आयटीआयची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा. २०१३ साली कौशल्यांच्या पातळ्यांचा राष्ट्रीय आराखडा आला. त्याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली, २०१४ साली बी.व्होक. पदवी आणली. पदवीची कल्पना चांगलीच होती: एक वर्षाने बाहेर पडलात तर डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, साठ टक्के भाग कौशल्याचा, चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचा. पोराला मधेच घरच्या अडचणीने शिक्षण सोडावं लागलं तरी हात रिकामे राहू नयेत, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो. २०२३ साली क्रेडिटचा आराखडा आला: आयटीआयमधलं शिक्षण, शाळेतलं, कॉलेजातलं, सगळं एकाच खात्यात जमा होणार.

शिडी उभी आहे. मात्र ज्या भिंतीला ती टेकवायची ती भिंत, म्हणजे कारखाना, शिडी बांधताना कुणी मोजलीच नाही. बी.व्होक. झालेला पोरगा मिलच्या ऑफिसात जातो तेव्हा समोरचा माणूस विचारतो, ‘आयटीआय की डिप्लोमा?’ त्याच्या अर्जाच्या नमुन्यात तिसरा रकानाच नसतो.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांची जुनी परंपरा आहे. तिथे कारखानदारांच्या राष्ट्रीय संघटनेने २००९ साली एक पद्धत उभी केली: वेल्डिंग, मशीनिंग, उत्पादनाची मूलभूत कामं, यांचे उद्योगाने मानलेले दाखले एका साखळीत आणायचे आणि कॉलेजच्या अभ्यासक्रमातच बसवायचे. २०११ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांनी पाच वर्षांत पाच लाख विद्यार्थ्यांना असे दाखले देण्याचं लक्ष्य जाहीर केलं. लक्ष्याचा आकडा बाजूला ठेवा. त्या पद्धतीतली मोलाची गोष्ट ही की कॉलेजचा विषय पूर्ण करता करताच विद्यार्थी उद्योगाची परीक्षा देतो. क्रेडिटही मिळतं आणि दाखलाही.

जर्मनीत तर व्यवसायशिक्षणाची शाळा अंतिम परीक्षा घेतच नाही. ती व्यापार-उद्योग मंडळ घेतं, आणि परीक्षकांच्या समितीत मालकांचे, कामगारांचे आणि शिक्षकांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. ज्याने उद्या कामावर घ्यायचं त्यानेच आज तपासलेलं असतं. मग गेटवर पुन्हा काय तपासायचं राहिलं?

हे सगळं परदेशी आहे, आपल्याकडे जमायचं नाही, असं म्हणणाऱ्यांना मी गोलेटीच्या खाणीकडे बोट दाखवेन. कोळसा खाणीत मायनिंग सरदार किंवा ओव्हरमन व्हायचं तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं. त्याआधी गॅस टेस्टिंगचं लागतं, प्रथमोपचाराचं लागतं, खाणीतला अनुभव लागतो. हा कागद केंद्राचा आहे. सिंगरेणीच्या गोलेटीत तो जसा चालतो तसाच वेस्टर्न कोलफील्ड्सच्या सास्तीत, राजुरा तालुक्यात, चालतो. मधली राज्याची हद्द त्या कागदाला दिसत नाही. भरतीत स्थानिकांचा राखीव वाटा असतो तो वेगळा मुद्दा, त्यावर दुसरं भांडण होऊ शकतं. पण माणूस लायक आहे की नाही, यावर दोन्हीकडे एकच उत्तर असतं.

खाणीत हे जमलं याचं कारण सरळ आहे. तिथे दाखल्याशिवाय माणूस नेमला तर व्यवस्थापक कायद्याच्या कचाट्यात सापडतो. खाणीत चुकीची किंमत जिवांनी मोजलेली आहे. चासनाळ्याच्या कोळसा खाणीत १९७५ साली साडेतीनशेहून जास्त माणसं बुडाली. बॉयलरचंही तसंच, प्रमाणित अटेंडंटच्या देखरेखीशिवाय तो चालवता येत नाही. म्हणजे जिथे कायद्याने कंपनीला दाखला मागायला भाग पाडलं, तिथे दाखल्याला दाम आला. जिथे नुसतं आवाहन केलं, तिथे प्रमाणपत्रं भिंतीवर लागली.

कागजनगरची गोष्ट या पट्ट्यात अजून ताजी आहे. निजामाच्या काळात उभी राहिलेली सिरपूर पेपर मिल २०१४ साली बंद पडली. २०१८ साली जेके पेपरने ती घेतली आणि पुन्हा चालू झाली. मधल्या चार वर्षांत त्या गावाचं काय झालं ते शेजारच्या वांकिडीला वेगळं सांगायला नको. बंद पडलेल्या गिरणीत दोन जातींचे जाणकार असतात. एकाकडे बॉयलरचा किंवा विजेचा परवाना असतो. तो दुसऱ्या कारखान्यात जाऊन तो टेबलावर ठेवतो. दुसरा आयुष्यभर पेपर मशीनवर उभा राहिलेला असतो, लगद्याला हात लावून सांगतो की आज कागद कसा पडेल. त्याचं ज्ञान पहिल्यापेक्षा कमी नसतं. पण ते कुठेच लिहिलेलं नसतं, आणि गिरणीचं दार लागलं की त्याच्यासोबत तेही बेकार होतं. पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. ती चार-दोन दिवसांच्या ओळखवर्गात आणि टी-शर्टात उरकण्यापेक्षा अशा माणसांना खऱ्या परीक्षेला बसवलं असतं, तर त्यांना नव्या गावात हेल्परपासून सुरुवात करावी लागली नसती.

आता तेलंगणाचा नवा डाव. २०२४ साली सरकारने टाटा टेक्नॉलॉजीजशी करार करून राज्यातल्या ६५ आयटीआयना प्रगत तंत्रज्ञान केंद्रं करायला घेतलं. प्रकल्प २,३२४ कोटींचा, त्यातला मोठा वाटा कंपनीचा. जुनी लेथ मशीनं आणि गळकी वर्कशॉपं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या पैशाचं मोल कळेल. मी याचं स्वागतच करतो. दीर्घ मुदतीचे सहा अभ्यासक्रम ठरले: औद्योगिक रोबोटिक्स, सीएनसी मशीनिंग, विजेच्या गाड्यांची दुरुस्ती, उत्पादनाचं स्वयंचलन, अशा धर्तीचे. चाकण आणि हैदराबादसाठी हे उत्तम. पण राज्यभर एकच ताट वाढताना आसिफाबादच्या भुकेकडे कुणी पाहिलं का? या पट्ट्यात रोबोट किती आणि कन्व्हेअर बेल्ट किती? इथे लागतो बेल्ट जोडणारा, क्रशरचं बेअरिंग बदलणारा, हायड्रॉलिक्स जाणणारा, किल्नच्या कवचाला भेग पडली तर अल्ट्रासोनिकने शोधणारा. सांध्याची न फोडता तपासणी करण्याच्या कामाला जगभर मानलेल्या पातळ्या आहेत. दुसऱ्या पातळीचा दाखला हातात असेल तर विज्ञान शाखेची मुलगीसुद्धा हे काम करू शकते. या भागातल्या मुलींना शिवण आणि कॉम्प्युटर ऑपरेटर याच दोन वाटा का दाखवतात, हे मला कधी कळलं नाही.

रोबोटिक्स काढून टाका असं माझं म्हणणं नाही. त्याच्या शेजारी इथल्या कारखान्याचं काम ठेवा, आणि दोन्हीच्या शेवटी असा कागद ठेवा जो मागणारा माणूस खरोखर अस्तित्वात आहे.

आणि हद्द. १९५६पर्यंत राजुरा आणि वांकिडी एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत राजुरा नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चंद्रपूरला. सोयरिकी तुटल्या नाहीत, बाजार तुटला नाही. २०१६ साली वांकिडी कागदोपत्री आदिलाबादमधूनही निघून कुमुरम भीम आसिफाबादमध्ये गेली. लोक अजून आदिलाबादच म्हणतात. इथे मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, तेलंगणाची दहावी मराठीतून देता येते. पण दहावी मराठीतून झालेल्या पोराला पुढचं तांत्रिक शिक्षण तेलुगूत किंवा इंग्रजीत घ्यावं लागतं, आणि तेच शिक्षण मराठी कानावर पडेल अशा राजुऱ्यात घ्यायचं म्हटलं तर तो परराज्यातला ठरतो. डिप्लोमा झाला तर दोन राज्यांची दोन मंडळं. वायरमनचा परवाना तर प्रत्येक राज्याचा वेगळा. म्हणजे आसिफाबादचा इलेक्ट्रिशियन राजुऱ्यात जाताना त्याच व्होल्टेजचं काम नव्याने सिद्ध करायला बसतो.

कंपन्यांना ही हद्द कधीच आडवी आली नाही. उपरवाहीचा कारखाना अंबुजाचा, आणि २०२५ साली ओरिएंट सिमेंट घेतल्यावर देवापूरही त्याच घरात गेलं. आवारपूर आणि माणिकगड अल्ट्राटेककडे आहेत, आणि केसोरामचं सिमेंट घेतल्यावर तेलंगणातलं बसंतनगरही त्याच कंपनीकडे. भांडवल हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाने उभं आहे. मग त्या कंपन्यांनी दोन्हीकडच्या आयटीआयना एकच यादी का देऊ नये, की आमच्याकडे फिटरला हे यायला हवं, वेल्डर ही परीक्षा पास असायला हवा, आणि ती पास झालेल्याला आम्ही दोन्ही कारखान्यांत पुन्हा न तपासता उभं करू?

महाराष्ट्राने एका सीमेबाबत मोठं मन दाखवलेलं आहे. कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांना तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात वेगळा दर्जा आहे. तिथल्या संस्थेतून शिकलेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी महाराष्ट्रात अर्ज करू शकतो. हे योग्यच आहे. पण मराठी बेळगावलाच संपत नाही. वांकिडी वादात नाही म्हणून तिच्या वाट्याला काही यायचं नाही, असा याचा अर्थ होतो. आणि जिथे वाद आहे तिथेही काही वेगळं घडलेलं नाही. शेजारच्या केरामेरी मंडलात आणि जिवती तालुक्यात दोन्ही राज्यं हक्क सांगतात अशी १४ गावं आहेत. तिथल्या माणसांकडे दोन मतदार ओळखपत्रं, दोन रेशनकार्डं असतात. दोन्ही सरकारं त्यांचं मत मागायला जातात. त्या गावातल्या एका तरी पोराला दोन्ही राज्यांत चालणारा हस्तकौशल्याचा एक परवाना मिळवून द्यावा, असं कुणाच्या जाहीरनाम्यात आलं?

कंपन्यांकडेही बोट दाखवायला हवं. शिकाऊ उमेदवारीच्या २०१९च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. त्यात ठेक्यावरची माणसंही मोजायची आहेत. सिमेंट कारखान्यात ठेक्यावर किती माणसं असतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यासकट हिशेब केला तर या एका पट्ट्यात शिकाऊंना केवढी जागा निघेल! पण अडीच टक्क्यांवर खूण करून वही मिटणारे बरेच, आणि जो शिकाऊ आत घेतला त्याला वर्षभर झाडलोट आणि सामान वाहणं शिकवणारेही आहेत. ते वर्ष पोराच्या आयुष्यातून परत येत नाही. शिकाऊ उमेदवाराने वर्षभरात कोणकोणती कामं केली याची नोंदवही असते. ती वही महिन्याला तपासायला आयटीआयचा निदेशक कारखान्यात गेला पाहिजे, आणि त्याला गेटवर अडवण्याचा अधिकार कुणाला असता कामा नये.

निदेशकाचीही बाजू आहे. त्याने स्वतः शेवटचं काम कारखान्यात कधी केलं? त्याला दर दोन-तीन वर्षांनी महिनाभर पगारी रजेवर शटडाऊनच्या कामात पाठवा. परत आल्यावर त्याची शिकवणी बदललेली दिसेल. सामंजस्य करारावर सही करून फोटो काढण्यात जितका वेळ जातो तितक्यात याचा आदेश निघू शकतो.

निवडणूक आली की चंद्रपूर आणि आसिफाबादचे अधिकारी सीमेवर एकत्र बैठक घेतात, नाके ठरवतात, गस्त ठरवतात. ताडोब्याचा वाघ कावलच्या जंगलाकडे निघाला की दोन्हीकडचे वनाधिकारी एकमेकांना कळवतात. हे चांगलं चालतं. मग दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी एक बैठक आयटीआयसाठी घ्यावी. टेबलाभोवती सिमेंटवाले, पेपर मिलवाले, सिंगरेणी आणि वेस्टर्न कोलफील्ड्स, दोन्हीकडचे बॉयलर निरीक्षक, विद्युत निरीक्षक आणि प्राचार्य बसवावेत. मागणी अवघड नाही. वेल्डरच्या वर्षातले शेवटचे दोन महिने दाबाच्या पाइपच्या सरावाला द्या आणि बॉयलरच्या नियमांखालची परीक्षा आयटीआयच्या वर्कशॉपातच घ्या. फी पोराने भरायची नाही. ती कंपनीच्या सामाजिक निधीतून किंवा जिल्हा खनिज निधीतून येऊ द्या, या जमिनीतून चुनखडी आणि कोळसा काढूनच तो निधी जमतो. एका राज्याचा वायरमन परवाना दुसऱ्याने फक्त नोंद करून मान्य करावा. प्रात्यक्षिकाच्या सूचना मराठी, तेलुगू आणि इंग्रजीत असाव्यात, म्हणजे मराठी शाळेतून आलेला, कोलामी किंवा गोंडी बोलणारा, तेलुगू घरातला, कुणीही भाषेपायी नापास होणार नाही.

आणि यंदा ज्यांच्या घरात कुणी आयटीआयला, पॉलिटेक्निकला किंवा बी.व्होक.ला नाव घालणार आहे त्यांना एकच विनंती. प्रवेशाच्या खिडकीवर इमारत किती मोठी, मशीन कुठली, करार कुणाशी झाला हे विचारत बसू नका. गेल्या वर्षीच्या बॅचमधल्या किती पोरांनी कॉलेजात असतानाच बॉयलरची, वायरमनची किंवा अशीच दुसरी कुठली परीक्षा पास केली, आणि आज ते कुठल्या कारखान्यात कुठल्या कामावर आहेत, ते लिहून मागा. लेखी मिळालं नाही तर पालकांनी मिळून अर्ज करा आणि त्याची पोच घ्या.